थंड डब्यांची रेल्वे आणि आपली ऊसतोड



गोठवलेला माल आगगाडीने हजारो मैल कसा जातो आणि त्यातून ऊस बागायतदाराने काय घ्यावे, ते या पाठात पाहू.

अमेरिकेत १८७८ साली अँड्र्यू चेस या इंजिनिअराने स्विफ्ट या मांस व्यापाऱ्यासाठी बर्फाचा डबा तयार केला. बर्फ वरच्या बाजूला ठेवला. थंड हवा जड, ती खाली उतरते. गरम हवा वर चढून बर्फाला लागते. वाटेत ठरावीक स्टेशनांवर पुन्हा बर्फ भरायचा. ताज्या मांसाला, फळांना एवढे पुरे होई.

गोठवलेल्या मालाचे गणित निराळे. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि या मालाला तर उणे १८ अंश सेल्सिअस लागतात. बर्फात मीठ घातले की गारवा शून्याखाली जातो. आइस्क्रीमच्या पॉटात आपण हेच करतो. तरी एवढी थंडी सारा प्रवासभर टिकेना. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडात गोठवलेल्या संत्रारसाचा धंदा वाढला, आणि १९४९ पासून डिझेलवर चालणारी थंडीची यंत्रे बसवलेले डबे रुळांवर आले.

मुद्दा असा, की डबा माल गोठवत नाही. गोठलेला माल तसाच राखतो. फलाटावर माल वितळून पुन्हा सावकाश गोठला, तर आत बर्फाचे मोठे खडे होतात, पेशी फाटतात. मग कितीही थंडी द्या, माल सुधारत नाही.

म्हणाल, याचा उसाशी काय संबंध? ऊस काही थंड डब्यातून येत नाही. म्हणूनच आपल्याला घाई जास्त! तोडल्या घटकेपासून उसातले पाणी उडते, वजन घटते. साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते. त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जाते. कारखान्याची यंत्रे कितीही चांगली असोत, गेलेली साखर परत येत नाही. घटलेले वजन तुमच्या पावतीवर दिसते; घटलेला उतारा सगळ्यांच्या भावात.

तेव्हा एवढे करा:

१. तोडीची चिठ्ठी हाती आल्याशिवाय कोयता लावू नका.

२. गाडीत मावेल तेवढाच ऊस तोडा. गाडी आधी, तोड नंतर.

३. मोळ्या उन्हात पडू देऊ नका; थांबावेच लागले तर पाचटाने झाका.

४. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस काट्यावर आणा. जळीत ऊस असेल तर गट ऑफिसला ताबडतोब कळवा.

रेल्वेने थंडी विकत घेऊन वेळ मिळवला. आपल्याला तो तोडीच्या शिस्तीतूनच मिळवायचा आहे.

— ऊस विकास अधिकारी