अवकाशविज्ञान आणि लोकप्रतिनिधींचे दायित्व

भोसरीचा कामगार, चाकणचा उद्योजक आणि जुन्नर तालुक्यातील खोडदचा शेतकरी हे तिघेही शिरूर या एकाच लोकसभा मतदारसंघाचे मतदार होत. खोडद परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या या दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत.

या संशोधनाचा खर्च अणुऊर्जा विभागामार्फत शासकीय निधीतून भागविला जातो. राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदान्वये अशा खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे मांडल्या जातात व सभागृहाच्या संमतीनंतरच अनुदान मिळते. दूरस्थ आकाशगंगांचा वेध घेण्याच्या कार्यात खासदाराच्या मताचा वाटा आहे, तो असा.

तथापि, केवळ निधी मंजूर करून हे दायित्व संपत नाही. आकाशातून येणारे रेडिओतरंग अतिशय क्षीण असतात. विद्युत यंत्रे व दळणवळणाची साधने यांच्या लहरींत ते लोपून जातात. म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने २०२४ मध्ये घेतली. शेतमालाला बाजारपेठ मिळावी म्हणून जुन्नरकरांना रेल्वे हवी आहे. दुर्बिणीला रेडिओशांतता हवी आहे. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत.

अशा वेळी एकीचा बळी देऊन दुसरी साधणे सोपे असते. शास्त्रज्ञ, अभियंते व शेतकरी यांना एकत्र बसवून मार्ग काढणे, हीच लोकप्रतिनिधीच्या विज्ञाननिष्ठेची खरी कसोटी होय.