रेडिएटरमधील पाणी तांबडे का होते?

समजा, तुमच्या घरी आठ-दहा वर्षे वापरलेली एखादी मोटार विकत घ्यावयाची ठरले आहे. वडीलमंडळी टायर पाहतात, पत्र्यावरचा रंग पाहतात, किमतीची घासाघीस करतात. तुम्ही मात्र एंजिन गार असताना बॉनेट उघडून आतल्या प्लॅस्टिकच्या अर्धपारदर्शक टाकीकडे पाहा. तिच्यात एंजिनची उष्णता वाहून नेणारा द्रव, म्हणजे कूलंट असतो. तो हिरवा, निळा, गुलाबी असा कोणताही असो, पण नितळ हवा. तो विटकरी, गढूळ किंवा दुधी दिसला तर एंजिनच्या पोटात काहीतरी बिघडते आहे असे समजावे.

हा द्रव तेथे कशासाठी असतो? पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी फार तर एकतृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते. बाकीच्यातील काही धुराबरोबर निघून जाते, तर बरीचशी एंजिनच्या धातूत शिरते. ती तशीच साठत गेली तर धातू प्रसरण पावून एंजिन जाम होईल. म्हणून पंप हा द्रव एंजिनमधून आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून सतत फिरवत ठेवतो आणि रेडिएटर ती उष्णता हवेला देऊन टाकतो.

पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा, म्हणून या कामाला ते उत्तम. मग त्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल का मिसळतात? अशा मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो आणि उत्कलनबिंदू साधारण १०७ अंशांवर जातो. गंमत अशी की, ग्लायकॉलमुळे मिश्रणाचा विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा कमीच होतो. तेव्हा ‘कूलंट घातले की एंजिन जास्त थंड राहते’ ही समजूत खरी नव्हे. नागपूर-जळगावात तर रेडिएटर गोठण्याचीही भीती नाही. तेथे कूलंटचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी: द्रव लवकर उकळू नये म्हणून, आणि त्यातील गंजरोधक द्रव्यांसाठी. या दुसऱ्या गोष्टीकडेच लोकांचे दुर्लक्ष होते.

मूळ रंग हा कारखान्यात मिसळलेला रंग असतो, एवढेच. एकाचे हिरवे कूलंट आणि दुसऱ्याचे हिरवे कूलंट यांतील गंजरोधके निराळी असू शकतात. म्हणून केवळ रंग जुळला म्हणून एकात दुसरे ओतू नये. न जुळणारी द्रव्ये एकत्र आली तर त्यांचा साका किंवा चिकट गोळा बनून नळ्या तुंबू शकतात. रंग कोणता यापेक्षा तो बदलला का, हे महत्त्वाचे.

विटकरी रंग म्हणजे बहुधा लोखंडाचा गंज. गंजरोधके कायम टिकत नाहीत. उष्णता आणि हवा यांच्यामुळे ग्लायकॉलचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात आणि गंजरोधके ती थोपवण्यात खर्ची पडतात. त्यातच कोणी पातळी कमी झाली म्हणून बोअरचे पाणी ओतलेले असते. त्यातील क्षारांमुळे द्रव विजेचा चांगला वाहक बनतो. आणि लोखंड, ॲल्युमिनियम, जुन्या गाड्यांत तांबे-पितळ असे भिन्न धातू एकाच वाहक द्रवात बुडाले, की झाला विद्युत्‌घट तयार! शाळेत हे करून पाहा. दोन परीक्षानळ्यांत चिमूटभर मीठ घातलेले पाणी घ्या. एकीत साधा खिळा टाका, दुसरीत तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला खिळा टाका आणि आठवड्याने दोन्हींतील गंजाची तुलना करा.

जड पाण्याचा दुसरा उपद्रव म्हणजे आत बसणारा पांढरा थर. घरच्या बंबात बसतो तोच. ॲल्युमिनियमच्या मानाने तो उष्णतेचा फारच मंद वाहक असल्याने पातळसा थरही रेडिएटरला निकामी करू शकतो.

दुधी, सायीसारखा द्रव दिसला तर मामला अधिक गंभीर. कूलंटमध्ये तेल मिसळून त्याचे पायस झाले आहे. तेलाचे सूक्ष्म थेंब सर्व रंगांचा प्रकाश विखुरतात म्हणून ते पांढरट दिसते. दूध पांढरे दिसते ते याच कारणाने. तेल बहुधा फाटलेल्या हेड गॅसकेटमधून आलेले असते. स्वयंचलित गिअरच्या काही गाड्यांत गिअरचे तेल रेडिएटरमध्येच थंड होते, तेथील गळतीनेही असे घडते. अशी गाडी चालवू नये, आणि शक्यतो विकतही घेऊ नये. नुसते कूलंट बदलून हा दोष जात नाही.

आता एक धोका. गरम एंजिनचे टोपण कधीही उघडू नका. टोपण आत दाब राखते, त्यामुळे द्रव ११० अंशांवरही न उकळता राहतो. हिशेबापुरते ५ लिटर पाणी धरा. टोपण उघडताच ते १०० अंशांवर येईपर्यंत ५ × ४.२ × १० = २१० किलोज्यूल उष्णता मोकळी होईल. बाष्पनाची अप्रकट उष्णता किलोग्रॅमला २२६० किलोज्यूल. म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम वाफ. तिचे आकारमान दीडशे लिटरच्या वर जाते! ती उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते.

दोष केवळ गंजाचा असेल तर गार एंजिनमधून द्रव काढून टाकावा, नितळ होईतो पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे, शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याचे असावे आणि मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरावे. काढलेला द्रव गटारात किंवा अंगणात ओतू नये. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटून दगावतात. तो झाकणबंद डब्यात भरून गॅरेजात द्यावा.

विकणाराही हे सारे जाणून असतो, आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वी नवेकोरे कूलंट भरून ठेवणे काही कठीण नाही. म्हणून गार एंजिनच्या टोपणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहा. वर चकचकीत हिरवा द्रव आणि बोटाला तांबडा चिखल, असे दिसले तर वडिलांना बाजूला बोलावून सांगा.