पापणी संध्याकाळीच का उतरते?

अगं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली, चष्म्याचा नंबरही बदलून झाला; आता जरा माझं ऐक. सकाळी तुला सगळं स्वच्छ दिसतं आणि दिवेलागणीला टीव्हीवर एकाची दोन माणसं होतात, डावी पापणी खाली येते. मेख त्या संध्याकाळीत आहे. मोतीबिंदू काही घड्याळ बघून येत नाही, बाई!

दोन-दोन दिसायला लागलं की एक डोळा झाक. दुसरं चित्र गेलं, तर दोन्ही डोळे एका रेषेत वळत नाहीयेत. मग मान न हलवता मिनिटभर वर पंख्याकडे बघ आणि भावजींना तुझी पापणी बघायला सांग. ती हळूहळू उतरली, तर धुळ्यात हिरे मेडिकल कॉलेजला दाखवून ये.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन नेतं. मला शंका आहे ती मायस्थेनिया या आजाराची; त्यात आपलंच शरीर तो निरोप घेणाऱ्या जागांवर उठतं. स्नायू वापरत गेलं की थकतो, विसावा मिळाला की सावरतो. डोळ्यांच्या स्नायूंना क्षणाची उसंत नसते, म्हणून बहुतेकदा पहिली कुरकूर त्यांचीच. अमिताभ बच्चनलाही ‘कुली’च्या १९८२ मधल्या अपघातानंतर हाच आजार निघाला होता, तो कामाला लागलेला तू पाहतेच आहेस.

रक्तात अँटिबॉडी सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नको. आजार डोळ्यांपुरता असेल, तर साधारण निम्म्या जणांत ती मिळतच नाही. थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी स्कॅन सांगतील, तोही टाळू नको. पायरिडोस्टिग्मिनची गोळी दिली, तर सांगितलेल्या वेळेलाच घे. आपल्याकडच्या वैशाखात दुपारी बाहेर पडू नको, उष्म्याने त्रास वाढतो. आणि घसा दुखला की मेडिकलवाल्याकडून ॲझिथ्रोमायसिन आणायची तुझी सवय सोड, त्यानेही वाढतो. गिळताना ठसका लागला, आवाज नाकातून आला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

आणखी एक, मळ्यातल्या माणसांनाही सांगून ठेव. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणत असेल आणि त्याच्या पापण्या उघडत नसतील, तर ती झोप समजू नका. मण्यार चावल्याची खूण कित्येकदा दिसतही नाही, पण तिचं विष मज्जातंतू आणि स्नायू जुळतात तिथेच बसतं आणि तासाभरात श्वासावर येऊ शकतं. तिथे पंख्याची परीक्षा नको, भगत नको. गाडी काढा आणि सरळ सिव्हिल गाठा.