चेरीचे आरोग्यगुण आणि करवंदाची ‘चेरी’

म्हैसूरच्या बेकरीतील केकवर, फ्रूट सॅलडमध्ये किंवा पानाच्या विड्यावर जो लालभडक मणी दिसतो, त्याला ग्राहक चेरी म्हणतात. देशातील इतर शहरांप्रमाणे येथेही तो मणी बहुतांशी चेरीचा नसतो. मिठाच्या पाण्यात मुरवून, रंगवून आणि साखरेच्या पाकात पक्व केलेले ते करवंद असते. चेरी आरोग्यास हितकारक आहे, असे आता सर्वत्र सांगितले जाते. तेव्हा हे हित नेमके कोणत्या फळाचे, आणि प्रक्रियेनंतर त्यातील किती उरते, हे समजून घेणे ग्राहक व उत्पादक या दोघांसाठीही आवश्यक ठरते. याच म्हैसूर शहरात २१ ऑक्टोबर १९५० रोजी चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. टिकवलेल्या अन्नात पोषण किती उरते, हा प्रश्न अशा संस्थांच्या कार्याच्या मुळाशी असतो.

खरी चेरी

चेरीचे दोन मुख्य प्रकार आहेत. गोड चेरीचे शास्त्रीय नाव प्रुनस एव्हियम, तर आंबट चेरीचे प्रुनस सेरासस. गोड चेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे सुमारे हजार तास लागतात. त्यामुळे म्हैसूरच्या पठारावर किंवा महाराष्ट्रात तिची व्यापारी लागवड शक्य नाही. भारतातील चेरी प्रामुख्याने काश्मीरमधून व काही प्रमाणात हिमाचल प्रदेशातून येते. मिश्री, मखमली व डबल ही काश्मिरी बाजारातील परिचित नावे होत. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंतच्या अल्प हंगामात येणारे हे फळ नाजूक असल्याने दक्षिणेकडे पोहोचेपर्यंत महाग होते.

१०० ग्रॅम ताज्या गोड चेरीतून सुमारे ६३ किलोकॅलरी ऊर्जा, १३ ग्रॅम साखर, २ ग्रॅम तंतुमय पदार्थ, ७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २२० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. हे आकडे इतर अनेक फळांच्या तुलनेत असामान्य नाहीत. चेरीचे वैशिष्ट्य तिच्या गडद लाल रंगात आहे. हा रंग अँथोसायनिन या वर्गातील रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये ऑक्सिडीकरणास विरोध करतात व शरीरातील दाह कमी होण्यास साहाय्य करतात, असे अनेक अभ्यासांतून सूचित झाले आहे.

पुरावा किती?

अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये गाऊट, म्हणजे यूरिक आम्लामुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या ६३३ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या दोन दिवसांत रुग्णांनी चेरी खाल्ली होती, त्यानंतर दुखण्याचा झटका येण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने चेरी हेच त्याचे कारण, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. आंबट चेरीत झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे द्रव्यही असते. तिच्या रसाने झोप सुधारल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसले. परंतु फळातील मेलाटोनिनची मात्रा अत्यल्प असल्याने परिणामाचे श्रेय केवळ त्यालाच देता येत नाही. थोडक्यात, चेरी हा उत्तम आहार आहे, औषध नव्हे. गाऊटच्या रुग्णाने तिच्या भरवशावर औषध थांबवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटॅशियमचा विचार करून वैद्यकीय सल्ल्यानेच तिचे प्रमाण ठरवावे. चेरीची बी फोडून वा चावून खाऊ नये.

करवंदाची ‘चेरी’ कशी तयार होते?

यासाठी करवंद काळे होण्यापूर्वी, पांढरट-गुलाबी अवस्थेत तोडतात. या अवस्थेत गर घट्ट असतो, पण चीक व तुरटपणाही असतो. तो घालवण्यासाठी फळे मिठाच्या पाण्यात मुरवतात. गर टणक राहावा म्हणून चुना किंवा कॅल्शियमचा क्षार वापरतात. नंतर बिया काढून फळे पाण्यात उकळतात, रंगवतात व पाकात ठेवतात. पाकाची तीव्रता दररोज थोडी वाढवत नेल्याने साखर हळूहळू गरात शिरते आणि फळ सुरकुतत नाही. अखेरीस फळातील साखरेचे प्रमाण सुमारे ७० टक्के किंवा अधिक होते. साखरेमुळे सूक्ष्मजंतूंना पाणी उपलब्ध होत नाही. म्हणून हे फळ अनेक महिने टिकते.

रंगासाठी प्रामुख्याने एरिथ्रोसिन हा कृत्रिम रंग वापरला जातो. आंबट माध्यमात तो विरघळत नसल्याने केकच्या मलईत किंवा सॅलडमध्ये पसरत नाही. भारतात ठरावीक मर्यादेत त्याला परवानगी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याची मान्यता मागे घेतली असून, उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली आहे.

या प्रक्रियेचा हिशेब सरळ आहे. फळ कच्चे तोडल्यामुळे त्यात अँथोसायनिन पुरेसे तयार झालेले नसते. क जीवनसत्त्व व पाण्यात विरघळणारी इतर द्रव्ये मिठाच्या पाण्यात आणि उकळण्यात बऱ्याच अंशी निघून जातात. त्यांची जागा साखर घेते. १०० ग्रॅम ताज्या चेरीत जेवढी साखर असते, तेवढी या पाकवलेल्या फळाच्या अवघ्या २० ग्रॅममध्ये येते. शोभेसाठी एखादे फळ खाण्यास हरकत नाही. परंतु चेरी पौष्टिक आहे असे ऐकून मुलांना किंवा मधुमेही व्यक्तींना ते वाटीभर देणे ही फसगत ठरेल.

पिकलेल्या करवंदाचे मोल

यात दोष करवंदाचा नाही. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून विकले जाणारे सह्याद्रीतील करवंद पूर्ण पिकल्यावर जांभळट-काळे होते. हा गडद रंग अँथोसायनिनचाच असतो. चेरीला ज्या वर्गातील द्रव्यांमुळे कीर्ती लाभली, ती द्रव्ये या फळात उन्हाळ्याच्या अखेरीस, अल्प किमतीत उपलब्ध असतात. चेरीवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष करवंदाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि ताजे, स्वच्छ धुतलेले, पिकलेले करवंद हे पाकवलेल्या ‘चेरी’पेक्षा निश्चितच सरस होय.

उत्पादकांनी तोडणीची अवस्था उपयोगानुसार ठरवावी. पाकवण्यासाठी व लोणच्यासाठी कच्ची, तर ताज्या विक्रीसाठी आणि सरबतासाठी पूर्ण पिकलेली फळे निवडावीत. करवंदात पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. फळाच्या अंगच्या आंबटपणामुळे अँथोसायनिनचा लाल रंग खुलतो. त्यामुळे अशा पदार्थांत कृत्रिम रंगाची गरज राहत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात विकसित केलेली आहे. कोकणात कुंपणाला किंवा पडीक वरकस जमिनीवर तिची लागवड करता येते.

ग्राहकाने पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. ‘करोंदा’, साखर व रंग यांचे उल्लेख तेथेच सापडतात. उत्पादकानेही आपल्या मालावर करवंदाचेच नाव ठळकपणे छापावे. उसन्या नावाने विकलेल्या फळाला स्वतःची बाजारपेठ कधीच मिळत नाही.