एक हात आईसाठी

२०१९च्या मे महिन्यात मी आईला घेऊन युरोपला गेले. अकरा दिवसांची ग्रुप टूर, पॅरिसपासून रोमपर्यंत. आई तेव्हा ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. बसच्या उंच पायरीवर, मेट्रोच्या जिन्यात, दगडी फरसबंदीवर तिला माझा हात लागायचा. त्याआधी महिनाभर मी कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे वाचत बसले होते. हा एक हात काही हिशेबात धरला नव्हता. तो ध्यानात आला आणि निवड चार दिवसांत उरकली. माझा कॅमेरा मला एका हाताने काढता, चालू करता आणि पुन्हा खिशात टाकता यायला हवा होता.

आता धाकटी बहीण तिच्या सासूबाईंना घेऊन व्हिएतनामला निघाली आहे. ‘ताई, कुठला कॅमेरा घेऊ?’ असं तिने विचारलं. एका नावात उत्तर देता येईना, म्हणून हे लिहून काढलं.

१. दुकानात जाण्याआधी आपले जुने फोटो काढून बसावं.

हंपीला मी मावसभावाचा डीएसएलआर नेला होता, १८-१४० मिलिमीटरच्या झूम लेन्ससकट. ते ६४० फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेन्थ काय लिहिली आहे ते वहीत मांडत गेले. पाचशेच्या वर फोटो १८ ते ५० मिलिमीटरमधले निघाले. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा लहान, म्हणून आकड्याला दीडने गुणायचं. म्हणजे माझं बहुतेक सगळं बघणं २७ ते ७५ मिलिमीटरमध्ये होतं. देऊळ, मंडप, समोर उभी असलेली माणसं. लांबच्या खांबावरचा पोपट मी टिपला होता खरा, पण असे फोटो सगळे मिळून वीसएक.

खिशात मावणारा ४० पट झूमचा कॅमेरा मी जवळजवळ घेतलाच होता. वहीतल्या आकड्यांनी तो यादीतून काढला. २८ ते १०० मिलिमीटरचा साधा झूम मला पुरणार होता आणि पुरला. हात आखडल्यासारखं एकदाच झालं. १५ एप्रिलला नोत्र दामला आग लागली होती आणि आम्ही पोचलो तेव्हा चर्चच्या आसपास फिरकायला बंदी होती. सेन नदीतल्या बोटीतून जळालेलं छप्पर आणि क्रेन दिसत होत्या. आई हात जोडून बघत होती. तिथे आणखी जवळ जाता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तो फोटो कापून घेतला. २० मेगापिक्सेलमध्ये तेवढी जागा असते.

२. वजन चालून बघावं.

तोच डीएसएलआर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, लेन्ससकट साडेनऊशे ग्रॅम भरला. किलोभर साखरेची पिशवी आपण वाण्याकडून सहज आणतो, त्यामुळे आकडा वाचून काही वाटत नाही. तो गळ्यात अडकवून मी सारसबागेपासून निघाले, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढले, उतरले आणि तासभर उगाच फिरले. दीड तासाने मान आखडली. दोन तासांनी मी तो पिशवीत टाकला. पिशवीत गेलेला कॅमेरा मग घरी येईपर्यंत बाहेर आला नाही. युरोपात रोज दहा-बारा हजार पावलं पडणार होती.

बहिणीसाठी काही आकडे, बॅटरीसकट. एक इंची म्हणतात त्या सेन्सरच्या खिशातल्या कॅमेऱ्यांना लोकप्रिय केलं ते सोनीच्या आरएक्स१०० ने, २०१२ साली. वजन २४० ग्रॅम. रिकोचा जीआर थ्री २५७ ग्रॅम, सेन्सर डीएसएलआरएवढा मोठा, पण झूम अजिबात नाही, लेन्स २८ मिलिमीटरला बांधलेली. लेन्स बदलता येणारा मिररलेस हवा असेल तर कॅननचा आर५० आणि त्याचा १८-४५चा छोटा झूम मिळून अर्धा किलो. सोनीचा ए६०००, २०१४चा, सेकंड हँड मिळतो. १६-५० झूमसकट ४६० ग्रॅम. अर्धा किलोपर्यंत मनगटाच्या पट्ट्यावर दिवस निघतो. त्याच्या वर गळा आला, आणि गळ्यातला कॅमेरा जिना उतरताना झुलतो. आईचा हात धरून उतरताना तो मला तिच्या खांद्यावर आपटायला नको होता.

३. अंधाराची परीक्षा घरी घेता येते.

चर्च, संग्रहालयं, संध्याकाळचे बाजार, हॉटेलातलं जेवण. प्रवासातला निम्मा वेळ कमी उजेडात जातो. मी दोन जणांकडून दोन कॅमेरे एका संध्याकाळपुरते मागून आणले, एक लांब झूमवाला आणि एक इंची सेन्सरचा. घरातले दिवे बंद केले आणि आईला देवघरासमोर समईजवळ बसवलं. फ्लॅश न वापरता दोन्हीतून फोटो काढले. पहिल्यात पदराचं आणि कपाळाचं एकच तपकिरी पुरण झालं होतं, शिवाय चेहरा हललेला. दुसऱ्यात डोळ्यांतली ज्योत दिसत होती.

कारण मोजता येण्यासारखं आहे. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, एक इंची सेन्सर १३.२ बाय ८.८चा. क्षेत्रफळ चौपट. त्यात एकाच्या लेन्सचं तोंड जास्तीत जास्त एफ ३.३ उघडतं, दुसऱ्याचं एफ १.८, म्हणजे उजेड तिपटीहून जास्त आत येतो. ‘एक इंच’ हे नाव फसवं आहे, त्या सेन्सरची कुठलीच बाजू इंचभर नसते. म्हणून नावाऐवजी मिलिमीटरचं माप विचारावं.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. एफ १.८ हे झूम न करता असतं. झूम पूर्ण लांबवला की तेच तोंड एफ ४.९वर येतं. अंधारात झूम करू नये, दोन पावलं पुढे जावं. मिलानच्या दुओमोमध्ये मी हे पाळलं आणि रंगीत काचांच्या उजेडात उभी असलेली आई नीट आली.

४. चांगला फोन असेल तर कॅमेरा खरंच हवा का, हे स्वतःला विचारावं. भर दिवसाचे, व्हॉट्सअॅपवर पाठवायचे फोटो फोन उत्तम काढतो आणि त्यासाठी पंचवीस हजार घालवू नयेत. मी कॅमेरा घेतला त्याची कारणं तीन. मला मोठे प्रिंट करायचे होते. फोनची बॅटरी नकाशासाठी, टूर मॅनेजरच्या फोनसाठी आणि बँकेच्या ओटीपीसाठी राखायची होती. आणि फोन हातात घेतला की मी मेसेज बघते. कॅमेरा हातात असला की समोर बघते.

५. सेकंड हँड घ्यायला घाबरू नये, घाई मात्र करू नये.

छोटे स्वस्त कॅमेरे फोनने जवळजवळ संपवले. नवे थोडे बनतात आणि महाग असतात. मी सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात दोन शनिवार घालवले. पहिल्या दुकानातला कॅमेरा बाहेरून नव्यासारखा, पण फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारला तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते आणि आतून साफ करण्याचा खर्च परवडत नाही.

तिसऱ्या दुकानात १९ हजारांना मिळालेला मी पाऊण तास तपासला. झूम दहा वेळा आतबाहेर केला, खरखर ऐकू येते का म्हणून कान लावला. एफ ११ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून कोपरे पाहिले. सेन्सरवर धूळ असली तर तिथे करडे ठिपके उमटतात, आणि आतबाहेर होणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात ती धूळ घरी काढता येत नाही. बॅटरीच्या कप्प्यातले पितळी पट्टे हिरवे पडलेत का, तळाच्या स्क्रूंवर पेचकसाच्या खुणा आहेत का, हे पाहिलं. आपलं मेमरी कार्ड सोबत न्यावं आणि काढलेले फोटो, तिथल्या छोट्या स्क्रीनवर न विसंबता, घरी मोठ्या स्क्रीनवर बघून मग पैसे द्यावेत. मी थोडी आगाऊ रक्कम ठेवून दुसऱ्या दिवशी उरलेले दिले. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

६. परदेशात स्वस्त मिळेल म्हणून थांबू नये. कॅमेऱ्याची वॉरंटी बहुतेकदा विकत घेतलेल्या देशापुरती असते. सोनीचे जपानमध्ये विकले जाणारे बरेचसे कॅमेरे तर फक्त जपानी भाषेतला मेन्यू घेऊन येतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मग तो शिकायचा प्रवासातच. नवा, महाग कॅमेरा इथून नेत असाल तर बिलाची प्रत जवळ ठेवावी आणि जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं. परतताना तो बाहेरून आणला का, हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी तासभर आधी पोचावं.

७. निघण्याआधी पाचशे फोटो काढून झालेले असावेत.

मी दीडशेच काढले होते. आयगर पर्वताच्या पोटातून जाणारी गाडी आम्हाला युंगफ्राउयोखला घेऊन गेली, ३,४५४ मीटरवर. आईने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला. मी भराभर फोटो काढले. रात्री हॉटेलात बघते तर निम्म्या फोटोंत बर्फ करडा, सिमेंटच्या गोणीसारखा, आणि आईचा चेहरा काळवंडलेला. फार वाईट वाटलं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकट पांढरी झाली की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक किंवा दीडवर न्यायचं, एवढंच करायचं होतं. ते बटण कुठे आहे ते मला माहीत होतं, बोटांना माहीत नव्हतं. आपल्याकडे याची तालीम पांढऱ्या चुन्याच्या भिंतीसमोर करता येते.

तिथेच दुसरी उणीव कळली. बर्फावरच्या उन्हात मागची स्क्रीन दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. तो असलेला मॉडेल पन्नास ग्रॅमने जड आणि बराच महाग होता, म्हणून मी सोडला. आज निवडायचं झालं तर व्ह्यूफाइंडर असलेलाच घेईन. बहिणीलाही तेच सांगितलं आहे, व्हिएतनामच्या समुद्रकिनारी ऊन काही कमी नसणार.

८. बॅटऱ्या दोन असाव्यात आणि जादाची बॅटरी विमानात केबिन बॅगेतच न्यावी. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवावी. फोनच्याच केबलने, पॉवर बँकेवर चार्ज होणारा कॅमेरा घेतला तर एक चार्जर वाचतो. ६४ जीबीच्या एका कार्डापेक्षा ३२ची दोन बरी. भरलेलं कार्ड आईच्या बटव्यात असायचं, तिच्या गोळ्यांच्या डबीशेजारी. आणि घड्याळ बदलावं. मे महिन्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं; मी विसरले आणि रात्रीचे आयफेलचे फोटो पुढच्या तारखेत जाऊन बसले.

९. ट्रायपॉड नेला नाही आणि अडलं नाही. आयफेल टॉवर रात्री दर तासाला पाच मिनिटं लखलखतो. सेनच्या कठड्यावर ओढणीची घडी ठेवली, तिच्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. बोट लागत नाही, फोटो हलत नाही. व्हॅटिकनच्या संग्रहालयात ट्रायपॉड आणि मोठ्या पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात. त्या रांगेत उभं राहावं लागलं नाही याचा आईच्या गुडघ्यांना फायदा झाला. सिस्टाइन चॅपेलमध्ये फोटोला बंदीच आहे. कॅमेरा खिशात टाकला आणि मी दोन्ही हातांनी आईची पाठ धरली, म्हणजे तिला मान वर करून छत बघता येईल. बराच वेळ बघत होती.

१०. परत आल्यावर कॅमेरा त्याच्या चामडी पाकिटात ठेवून कपाटात बंद करू नये. आमच्याकडे तो घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा काढून झूम आतबाहेर करते आणि दहा मिनिटं खिडकीशी उजेडात ठेवते.

युंगफ्राउयोखचे जे निम्मे फोटो चांगले आले त्यातला एक १२ बाय १८ इंचांचा करून घेतला. २० मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला बरोबर एवढाच मोठा होतो. आई ओंजळीत बर्फ धरून त्याच्याकडे बघते आहे. उजव्या कडेला एक लोकरी हातमोजा दिसतो, तिच्या कोपराला धरलेला. स्टुडिओतल्या मुलाने विचारलं, ‘ताई, हा हात कापून टाकू का?’ मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘राहू दे रे. तो नसता तर मी तिथे उभी राहिले नसते.’