लसीची तारीख आणि व्हिसाची तारीख

आमच्या बऱ्हाणपुरातील सिंधीपुरा ही सोळाव्या शतकात सिंधमधून आलेल्या सूफी संतांची व त्यांच्या अनुयायांची वस्ती. फाळणीनंतरही सिंधमधून कुटुंबे या शहरात आली. काहींचे आप्त आजही सीमेपलीकडे आहेत. त्यामुळे तिकडची लेक इकडे सून म्हणून येणे नवलाचे नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच एक माता सात महिन्यांचे बाळ घेऊन माझ्याकडे आली. वडील अत्यवस्थ असल्याने तिला माहेरी जायचे होते. बाळ प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मी दिले, लसीकरणाचे कार्डही पाहिले. तिच्या व्हिसाची तारीख विचारण्याचे मात्र मला सुचले नाही. व्हिसाची मुदत ती तिकडे असतानाच संपली आणि परतीची परवानगी तिने घेतलेली नव्हती. नवा व्हिसा मिळून ती परतली, तेव्हा बाळ तेरा महिन्यांचे झाले होते. गोवराची लस राहिली होती आणि बाळ वडिलांना ओळखत नव्हते.

यावरून शिकलेल्या तीन गोष्टी येथे नमूद करतो.

पहिली : भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या पाकिस्तानी स्त्रीला येथे राहण्यासाठी दीर्घकालीन व्हिसा मिळू शकतो. परंतु राहण्याची परवानगी म्हणजे पुन्हा प्रवेश करण्याची परवानगी नव्हे. देश सोडण्यापूर्वी परतीचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो. त्याला 'नोरी' म्हणतात.

दुसरी : ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मणाऱ्या बालकाच्या आईवडिलांपैकी एकच भारतीय असेल, तर दुसरे बेकायदा स्थलांतरित नसावे, अशी अट आहे. व्हिसाची मुदत उलटून राहणारी व्यक्तीही त्या व्याख्येत येते. म्हणजे आईच्या कागदातील चुकीची झळ बाळाच्या नागरिकत्वाला लागू शकते. गर्भवतीची नोंद करतानाच ही चौकशी व्हावी.

तिसरी : भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व सात वर्षे भारतात वास्तव्य केलेल्या व्यक्तीला नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पात्र झाल्यावर विलंब करू नये.

विलंबाची किंमत एप्रिल २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिली. पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची सीमा बंद झाली व पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले. दीर्घकालीन व्हिसा त्यातून वगळले होते. तरीही आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि मुलांचा दुसऱ्या देशाचा, अशा कुटुंबांची सीमेवर ताटातूट झाली.

कायद्याचा सल्ला देणे हे आपले काम नव्हे. तो विदेशी नागरिकांची नोंदणी करणारे कार्यालय व वकील देतील. परंतु बाळाच्या पुढच्या लसीची तारीख आपण आवर्जून सांगतोच. अशा घरातील माता समोर असेल, तर तिच्या व्हिसाची तारीखही विचारावी, एवढीच माझी सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती आहे.