डोळा चुकवून जाऊ नका

नोकरदार आईची 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपते, तेव्हा बाळ साधारण पाच-सहा महिन्यांचं असतं. आजीकडे किंवा पाळणाघरात ते खुशाल राहतं. मग आठव्या-नवव्या महिन्यात आई नुसती न्हाणीघरात गेली तरी भोकाड पसरतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं लाडावून ठेवलंय. दोन्ही खरं नाही.

दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहे, हे बाळाला आता उमगू लागलेलं असतं. ती परत कधी येणार, हे मात्र कळत नाही. ही वाढीचीच पायरी आहे. दहा ते अठरा महिन्यांत तिचा जोर असतो, बहुतेकांचा तीन वर्षांपर्यंत ओसरतो. आजारपणात किंवा धाकटं भावंड आलं की पुन्हा उसळी मारतो.

माझं भांडण आहे ते घरोघरच्या एका युक्तीशी: 'तू मागच्या दारानं सटक, मी त्याला काऊ दाखवते.' त्या दिवशीचं रडणं टळतं खरं; पण आई कधीही नाहीशी होऊ शकते, एवढं मूल शिकतं आणि पदर सोडेनासं होतं. सांगून जा. 'पाच वाजता' नको, 'झोपून उठलास, खाऊ खाल्लास की मी येते' असं सांगा. टाटा करा, निघा; दारातून तीनदा मागे फिरू नका. आणि शब्द पाळा. बुवा-कुक भरपूर खेळा, जाण्या-येण्याची ती तालीमच असते. आवडती दुपट्याची चिंधी सोबत द्या, मळकी असली तरी.

50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा कायद्यानं दिली आहे. ऑफिसात विचारायला लाजू नका.

शाळेत जाणाऱ्या मुलाचं आईला सोडताना असं घाबरणं-रडणं चार आठवड्यांहून जास्त चाललं, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, आई हरवल्याची स्वप्नं पडतात, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. पोटदुखीला 'नाटक' म्हणू नका, ती खरी असते. उपचारात भर सहसा समुपदेशनावर असतो. आणि एकाच माणसाकडे किंवा एकाच पाळणाघरात जायला मूल अचानक घाबरू लागलं, तर वयाचा दोष म्हणून सोडून न देता आधी तिथली चौकशी करा.